फायनल राउंडला किती टीम घ्यायच्या? आधी पहिल्या नंबराला काय मिळणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंहगड रोडवरच्या १० सोसायट्यांची टेनिस बॉल लीग, ८ ओव्हरच्या मॅच, प्रत्येक टीम बाकी सगळ्यांशी एकदा खेळणार, दर रविवारी सकाळी ५ मॅच. कमिटीत भांडण पेटलंय की पुढच्या राउंडला ४ टीम न्यायच्या, ६ न्यायच्या का ८. स्पॉन्सर म्हणतो ८ घ्या म्हणजे जास्त लोक येतील, जुने मेंबर म्हणतात ४ च्या वर एक पण नको.

माझं उत्तर सरळ आहे. ४ घ्या, आणि साध्या सेमीफायनल न ठेवता आयपीएलसारखं क्वालिफायर-एलिमिनेटर ठेवा, म्हणजे वरच्या दोघांना एकदा हरलं तरी दुसरी संधी. फारच ओढाताण झाली तर ५. ६ ला माझा विरोध नाही पण तुमच्या लीगला त्याची गरज नाहीये, आणि ८ अजिबात नको. पुण्यात टेनिस बॉलच्या आणि क्लबच्या लीगची फिक्श्चर बनवायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दर सीझनला हा वाद कुठल्या ना कुठल्या कमिटीत होतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा हिशोब बघू. १० टीम, सगळे सगळ्यांशी एकदा, म्हणजे ४५ मॅच, ९ रविवार. ८ टीम पुढे नेल्या तर याचा अर्थ काय होतो, तर ४५ मॅच खेळून तुम्ही फक्त २ टीमना घरी पाठवताय. ९ रविवार सकाळी साडेसहाला थंडीत ग्राउंडवर यायचं, अंपायरचे पैसे, बॉलचे पैसे, ग्राउंडचं भाडं, आणि एवढं करून शेवटी पॉइंट टेबल काय सांगणार, तर या दोघांना वगळा. आणि यात अजून एक गंमत आहे जी कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणी कागदावर मांडून बघत नाही. समजा वरच्या ७ टीमनी खालच्या ३ टीमना सगळ्या मॅचमध्ये हरवलं आणि त्या ३ टीमनी आपसात एकेक मॅच जिंकली, तर आठवा नंबर ९ पैकी १ मॅच जिंकून बाद फेरीत जातो. १ जिंकली, ८ हरली, आणि तरी क्वार्टर फायनल! हाच हिशोब ६ टीमचा केला तर कमीत कमी २ विजयांवर जाता येतं आणि ४ चा केला तर ३ वर. अर्थात हे टोकाचं झालं, प्रत्यक्षात ४ जागा असतील तर साधारण ५-६ विजय लागतात, पण नियम बनवताना टोकाचं काय होऊ शकतं ते बघायलाच पाहिजे कारण एखाद्या वर्षी ते होतंच आणि मग सगळे फिक्श्चर बनवणाऱ्याकडे बघतात.

ग्राउंडवर काय होतं ते सांगतो. एका लीगमध्ये १० पैकी ८ चा नियम होता. सहाव्या रविवारपर्यंत वरच्या ४ टीमचं पुढे जाणं पक्कं झालं होतं, मग सातव्या रविवारी त्यांचे मेन बॉलर आलेच नाहीत, एकाच्या घरी लग्न, दुसरा ट्रेकला, कॅप्टन म्हणतो आपलं झालंय ना क्वालिफाय. पोरं कमी म्हणून कोणाचा तरी धाकटा भाऊ खेळवला. त्यांच्याशी ज्या खालच्या टीमची मॅच त्या रविवारी होती तिला फुकटात २ पॉइंट मिळाले, आणि ज्या टीमने त्याच लोकांशी दुसऱ्या रविवारी फुल टीमसमोर खेळून मार खाल्ला होता ती नवव्या नंबरला जाऊन बाहेर पडली. तिची काय चूक? बाहेर जाणाऱ्या टीमचा कॅप्टन माझ्याशी भांडत नव्हता, तो फक्त विचारत होता की आम्ही त्यांच्याशी आधी खेळलो म्हणून बाहेर का. याला उत्तर नसतं. आणि एवढं सगळं झाल्यावर पहिल्या नंबरच्या टीमला क्वार्टर फायनलला मिळालं काय, तर आठव्या नंबरशी ८ ओव्हरची एक मॅच. टेनिस बॉलवर ८ ओव्हरमध्ये एखाद्याची बॅट चालली की काहीही होतं. पहिला नंबर त्या एका मॅचमध्ये बाहेर, ९ रविवारांची मेहनत गेली.

म्हणून माझं म्हणणं असं की किती टीम हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की पहिल्या नंबरावर येणाऱ्या टीमला चौथ्या किंवा आठव्या नंबरपेक्षा जास्त काय मिळणार. ते ठरलं की आकडा आपोआप ठरतो.

हे नुसतं बोलून पटत नाही म्हणून आकड्यात बघा. समजा पुढच्या राउंडच्या सगळ्या मॅच ५०-५० आहेत, कोणीही जिंकू शकतं. ८ टीमचा सरळ नॉकआउट ठेवला तर पहिल्या नंबराला ट्रॉफीचा चान्स साडेबारा टक्के आणि आठव्याला पण साडेबारा टक्के. म्हणजे टेबलाची किंमत शून्य. ४ टीमच्या साध्या सेमीफायनल ठेवल्या तर चौघांना २५-२५ टक्के, चार जणांत यायची किंमत आहे पण पहिला आणि चौथा सारखेच. ६ टीम, वरच्या दोघांना थेट सेमीफायनल आणि ३ ते ६ मध्ये एलिमिनेटर, असं केलं तर वरच्या दोघांना २५ टक्के आणि बाकीच्या चौघांना साडेबारा, म्हणजे दुप्पट. आणि आयपीएलची पद्धत, पहिला विरुद्ध दुसरा क्वालिफायर १, तिसरा विरुद्ध चौथा एलिमिनेटर, क्वालिफायर हरलेला आणि एलिमिनेटर जिंकलेला यांच्यात क्वालिफायर २, मग फायनल, यात वरच्या दोघांना साडेसदतीस टक्के आणि खालच्या दोघांना साडेबारा. तिप्पट! सेमीफायनलपेक्षा मॅच फक्त १ जास्त, ३ च्या ऐवजी ४. एवढ्या स्वस्तात टेबलाला एवढी किंमत देणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही. ही पद्धत आयपीएलने शोधलेली नाही, ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये १९३१ पासून वापरात होती.

आणि हे कागदावरचंच नाहीये, आयपीएलमध्येच बघा. २००८ ते २०१० साध्या सेमीफायनल होत्या. २००९ ला डेक्कन चार्जर्स चौथ्या नंबरवर होती, १४ पैकी ७ जिंकल्या ७ हरल्या, आणि त्यांनी सेमीफायनलला पहिल्या नंबरच्या दिल्लीला काढलं, जिने १० जिंकल्या होत्या, आणि पुढे ट्रॉफी पण नेली. २०१० ला चेन्नई तिसऱ्या नंबरवरून, त्यांचे पण ७ विजय ७ पराभव, आणि फायनलला हरवलं कोणाला तर टेबलात पहिल्या असलेल्या मुंबईला. २०११ पासून क्वालिफायर पद्धत आली, आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत पहिल्या दोघांच्या बाहेरची टीम चॅम्पियन झाली ती एकदाच, २०१६ ला हैदराबाद, तिसऱ्या नंबरवरून एलिमिनेटर खेळून. बाकी सगळ्या वर्षी पहिला नाहीतर दुसरा. आता कोणी म्हणेल मग खालच्या दोघांना घ्यायचंच कशाला? तर २०१२ ला चेन्नई चौथ्या नंबरवरून फायनलला पोचली होती आणि २०१६ चं तर सांगितलंच, म्हणजे दार बंद नाहीये, फक्त तिथून जायला लागोपाठ ३ मॅच जिंकाव्या लागतात. हे मला योग्य वाटतं.

पुण्याच्या माणसाला २०१७ आठवल्याशिवाय राहणार नाही. रायझिंग पुणे सुपरजायंट दुसऱ्या नंबरवर, १८ पॉइंट. मुंबई पहिल्या, २० पॉइंट. लीगमध्ये पुण्याने मुंबईला दोन्ही वेळा हरवलं, क्वालिफायर १ ला वानखेडेवर जाऊन तिसऱ्यांदा हरवलं, आणि फायनलला हैदराबादमध्ये १३० करायच्या होत्या त्यात १२८ वर थांबलो, १ रनने हरलो. आजही लोक म्हणतात की मुंबईला आम्ही एकदा हरवलं होतं, ती बाहेर जायला पाहिजे होती, परत कशाला आली. मला त्या रात्री झोप लागली नाही तरी माझं मत ठाम आहे की मुंबईची दुसरी संधी न्याय्यच होती, कारण १४ मॅचमध्ये त्यांनी आपल्यापेक्षा १ जास्त जिंकली होती आणि ती संधी त्याचीच कमाई होती. आणि क्वालिफायर १ आपण हरलो असतो तर तीच संधी आपल्याला पण होती.

आता ६ बद्दल. ६ वाईट नाही, पण ते मोठ्या लीगला शोभतं. प्रो कबड्डीत २०१४ ला ८ टीम होत्या तेव्हा ४ पुढे जायच्या, पुढे १२ टीम झाल्यावर ६ केल्या, म्हणजे प्रमाण निम्मंच राहिलं. दहाव्या सीझनला प्रत्येक टीमच्या २२ लीग मॅच होत्या, आपली पुणेरी पलटण ९६ पॉइंट घेऊन टेबलात पहिली आली, थेट सेमीफायनलला गेली आणि १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून चॅम्पियन झाली. २२ मॅच खेळल्यावर पहिला नंबर हा खरंच पहिला नंबर असतो, त्याला एक राउंड वाचवून देणं बरोबरच आहे. २०२५ ला त्यांनी १२ पैकी ८ टीम पुढे घेतल्या, पण तिथेसुद्धा ८ चा सरळ नॉकआउट नव्हता, खालच्या टीमना जास्त मॅच आणि वरच्या दोघांना दुसरी संधी होती. पलटण क्वालिफायर १ ला दिल्लीकडून टायब्रेकरमध्ये हरली तरी फिरून फायनलला आली. फायनल परत दिल्लीनेच घेतली, ती गोष्ट वेगळी. तुमच्या कमिटीत कोणी म्हणालं की कबड्डीत ८ घेतात तर आपण का नको, तर त्याला ही पूर्ण रचना दाखवा. ८ हा आकडा तेवढा उचलायचा आणि वरच्यांना दिलेला फायदा सोडून द्यायचा हे चालणार नाही.

जुन्या मेंबरांपैकी कोणीतरी वुमेन्स प्रीमियर लीगचं उदाहरण देईल, तिथे ५ पैकी ३ जातात आणि पहिला नंबर थेट फायनलला. कागदावर पहिल्याला ५० टक्के, ऐकायला एकदम भारी. पण २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वेळा दिल्ली पहिली आली, थेट फायनलला गेली आणि तिन्ही वेळा हरली. ३ फायनलवरून सिद्ध काहीच होत नाही, पण समोरची टीम एलिमिनेटर जिंकून गरम असते आणि तुम्ही बसून असता, हे खेळणाऱ्याला कळतं. सोसायटी लीगमध्ये तर पहिल्या नंबरच्या टीमला एक अख्खा रविवार बाहेर बसवलं की पोरं गावाला जातात. नको ते.

स्पॉन्सरच्या बाजूने जो मुद्दा आहे तो मात्र खरा आहे आणि तो उडवून लावू नका. ४ च जागा ठेवल्या की सहाव्या-सातव्या रविवारी खालच्या ३-४ टीमना कळतं की आपलं संपलं. मग ९ जण येतात, मग ७, मग फोन येतो की आज आमची टीम होत नाहीये, वॉकओव्हर द्या. हा वॉकओव्हर ८ टीम घेऊन जो घोळ होतो त्यापेक्षा कमी नाही, उलट जास्तच, कारण ज्याला मॅच न खेळता पॉइंट मिळाले तो खुश आणि ज्याची त्याच्याशी चौथ्या नंबरसाठी झुंज चालू आहे तो पेटलेला. आयपीएलमध्ये खालची टीम शेवटपर्यंत जीव लावून खेळते कारण आशा खूप वेळ टिकते. २०१९ ला हैदराबाद १२ पॉइंटवर चौथी आली, कोलकाता आणि पंजाबचे पण १२ च होते. २०२४ ला बंगलोर पहिल्या ८ पैकी ७ हरली होती, नंतर लागोपाठ ६ जिंकल्या आणि १४ पॉइंटवर चौथी, त्याच १४ पॉइंटवर चेन्नई, दिल्ली आणि लखनऊ बाहेर. पण सोसायटीच्या पोरांना ९ मॅचमध्ये ४ हरल्या की वाटतं झालं आपलं.

यावर माझा उपाय प्लेट ग्रुप. १ ते ४ मेन ट्रॉफीला, ५ ते ८ प्लेटला. प्लेटच्या २ सेमीफायनल आणि १ फायनल, वेगळा छोटा कप, त्याला स्पॉन्सरचं नाव द्या. मोजून बघा: ८ टीमच्या सरळ नॉकआउटला ७ मॅच लागतात. मेनच्या ४ आणि प्लेटच्या ३ मिळून पण ७ च. ग्राउंडचं भाडं तेवढंच, दोनच रविवार, तेवढ्याच सोसायट्यांचे लोक बघायला येणार, आणि आठव्या नंबरला खेळायला मिळालं पण पहिल्या नंबराला बाहेर काढायची संधी मिळाली नाही. दहाव्या रविवारी सकाळी प्लेटच्या दोन्ही सेमी, मग एलिमिनेटर, मग क्वालिफायर १. अकराव्या रविवारी आधी क्वालिफायर २, मध्ये प्लेटची फायनल, शेवटी मेन फायनल. मध्ये प्लेट फायनल टाकायचं कारण असं की क्वालिफायर २ जिंकणाऱ्या टीमला तासभर तरी श्वास मिळतो, नाहीतर ती फायनलला दमून उतरते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू केलंत तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकतं.

पाचवी जागा कधी द्यायची? कमिटी ४ वर येतच नसेल तर. चौथा विरुद्ध पाचवा एक मॅच, जिंकणारा तिसऱ्याशी एलिमिनेटर, पुढे सगळं तेच. वरच्या दोघांचं साडेसदतीस टक्के हलत नाही, तिसऱ्याचं साडेबारा हलत नाही, फक्त चौथ्याचं साडेबारा दोघांत वाटलं जातं. म्हणजे जागा वाढवली तरी वरच्यांच्या खिशातून काही काढलं नाही. ६ मध्ये हे जमत नाही, तिथे वरच्या दोघांची दुसरी संधी जाते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, हे सगळं तुम्ही ९ लीग मॅच खेळताय म्हणून. एखादा म्हणाला रविवार कमी आहेत, ५-५ चे दोन ग्रुप करू, तर प्रत्येकाच्या ४ च मॅच होतात आणि ४ मॅचमध्ये पहिला कोण आणि तिसरा कोण हे नीट ठरतच नाही. तिथे प्रत्येक ग्रुपमधून २ घेऊन साध्या सेमी ठेवा, फार फायदे देऊ नका, कारण ते टेबल तेवढं भरवशाचं नाही. याच्या उलट टोक म्हणजे इंग्लंडची प्रीमियर लीग, ३८ मॅच, सगळ्यांशी घरी आणि बाहेर, फायनल राउंडच नाही, पहिला तो चॅम्पियन. जेवढ्या लीग मॅच जास्त तेवढी पुढच्या राउंडची गरज कमी.

आता नेट रनरेट, म्हणजे आपण एका ओव्हरमागे केलेल्या रनमधून समोरच्यांनी आपल्याविरुद्ध एका ओव्हरमागे केलेल्या रन वजा, कारण पॉइंट सारखे झाले की चौथा-पाचवा नंबर बहुतेक वेळा इथेच ठरतो आणि इथेच मारामारी होते. दोन गोष्टी. एक, टीम ऑल आउट झाली तर तिच्या ओव्हर पूर्ण ८ धरायच्या. दोन, ६.२ ओव्हर म्हणजे ६ ओव्हर २ बॉल, एक्सेलमध्ये ६.३३ टाकायचं, ६.२ नाही. उदाहरण घ्या, एक टीम ६.२ ओव्हरमध्ये ६० ला ऑल आउट, दुसरीने ६१ केल्या ५.३ ओव्हरमध्ये. बरोबर हिशोब: ६० भागिले ८ म्हणजे ७.५०, आणि ६१ भागिले ५.५ म्हणजे ११.०९, फरक ३.५९. चुकीचा हिशोब: ६० भागिले ६.२ म्हणजे ९.६८, ६१ भागिले ५.३ म्हणजे ११.५१, फरक १.८३. एका मॅचमध्ये जवळजवळ निम्मा फरक उडाला! आणि सीझनचा रनरेट काढताना प्रत्येक मॅचचा काढून सरासरी करायची नाही, सगळ्या मॅचच्या रन एकत्र, सगळ्या ओव्हर एकत्र, मग भागाकार. शीट दर रविवारी दुपारीच कॅप्टनच्या ग्रुपवर टाका, आक्षेप बुधवारपर्यंत, त्यानंतर ऐकून घ्यायचं नाही. वॉकओव्हर झाला तर ती मॅच रनरेटमध्ये धरायचीच नाही, फक्त २ पॉइंट द्यायचे.

पाऊस डिसेंबर-जानेवारीत सहसा नसतो पण नियम लिहून ठेवा: बाद फेरीची मॅच होऊ शकली नाही तर लीगमध्ये वर असलेली टीम पुढे. २०२३ ला गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीगची फायनल पावसात गेली, राखीव दिवशी पण पूर्ण झाली नाही, आणि टेबलात पहिली होती म्हणून रत्नागिरी जेट्सला विजेते ठरवलं. तो नियम आधीपासून नसता तर तिथे काय झालं असतं विचार करा.

शेवटचा रविवार एकाच ग्राउंडवर असल्यामुळे पाचही मॅच एकाच वेळी घेता येणार नाहीत, मग उशिरा खेळणाऱ्याला किती रननी जिंकायचं ते आधीच कळलेलं असतं. म्हणून नवव्या रविवारच्या मॅचचा क्रम सीझन सुरू व्हायच्या आधीच सगळ्या कॅप्टनसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मग कोणीही कितीही गळ घातली तरी हलवू नका. किती टीम पुढे जाणार हे सुद्धा त्याच दिवशी, त्याच कागदावर, दहाही कॅप्टनच्या सह्या घेऊन. आणि त्याच कागदावर हे पण लिहा की लीगच्या किमान ४ मॅच खेळलेला माणूसच पुढच्या राउंडला चालेल, नाहीतर दहाव्या रविवारी कोणाच्या तरी सोसायटीत अचानक क्लब क्रिकेट खेळणारा एक नवीन भाडेकरू उगवतो.